दुर्बीण वर, पक्षी खाली

पक्षी आमच्यापासून फार तर पंधरा फुटांवर होता. विहिरीच्या पलीकडे, पाटाच्या कडेकडेने, ओल्या पातेऱ्यात, म्हणजे पडलेल्या पानांच्या थरात, चालत होता. रानधोबी. कोकणात थंडीच्या दिवसांत तो असतो, पण ठरवून जावं आणि दिसावा इतका काही तो सोपा नाही. शेवाळी-तपकिरी पाठ, पिवळट पांढऱ्या पट्ट्यांचे पंख, छातीवर दोन काळे गोफ आणि ती शेपटी. बाकीचे सगळे धोबी शेपूट वरखाली आपटत चालतात. हा एकटाच ती डावी-उजवीकडे झुलवतो, आणि शेपटीबरोबर सगळं अंगही. मी पोटभर बघून घेतला आणि मग वाटलं, ज्यांच्या वाडीत हा उतरलाय त्यांनी बघायला नको? गळ्यातली दुर्बीण काढून काकांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दुर्बीण डोळ्यांना लावली, मधलं चाक मागेपुढे फिरवलं आणि सरळ वर धरली. पोफळीच्या शेंड्याकडे.

"काका, खाली. पाटाजवळ."

"हो, हो," ते म्हणाले. दुर्बीण वरच. मी हात लांब करून दाखवलं, कोपराला धरून त्यांना जरा वळवूनही पाहिलं. ते वळले, पण दुसऱ्या पोफळीकडे. तेवढ्यात रानधोबी 'पिंक' करून उडाला, जायफळाच्या आडव्या फांदीवर दोन पावलं चालला आणि गडग्यापलीकडे दिसेनासा झाला. काकांना त्याचा पत्ताच नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांनी दुर्बीण परत दिली. चेहरा खुलला होता. "कोपऱ्यातल्या त्या तिघींनी यंदा शिंपुटं धरलीयेत," ते म्हणाले. "खालून कळतच नव्हतं हो." तिघी म्हणजे तीन पोफळी, आणि शिंपुटं म्हणजे सुपारीचे घोस.

मला राग आला होता, हे खरं.

रविवारी ताम्हिणी चढून पुण्यात शिरेपर्यंत हा राग थोडा थोडा रूप बदलत डोक्यात राहिला. गाडीत आमचा फोटोवाला मित्र म्हणाला, "त्यांना काय पडलंय पक्ष्याचं!" तेही मला आवडलं नाही, खरं म्हणजे सकाळी मीही नेमकं तेच मनात म्हटलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते फारच उर्मट वाटलं.

ऑक्टोबरात कोकणात जातो म्हटलं की लोक वेड्यात काढतात. पावसाची हिरवाई ओसरलेली, थंडी अजून लांब, आणि ऊन असं की सकाळी नऊला सदरा पाठीला चिकटतो. हॉटेलवाले दिवाळीची वाट बघत गाद्या उन्हात टाकून बसलेले असतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळवं भात कापून आडवं पडलेलं, कुठे उडव्या रचलेल्या, आणि सगळ्या गावावर ओल्या पेंढ्याचा तो गोडसर, किंचित आंबूस वास. पण पक्षी बघणाऱ्यासाठी हे दिवस म्हणजे एसटी स्टँड. काही निघालेले, काही पोचलेले, काही नुसते गाडी बदलायला थांबलेले. चिपळूण-महाडकडच्या ओढ्यांकाठी पावसाळाभर पिल्लं वाढवणारा तिबोटी खंड्या तोवर बहुतेक गेलेला असतो. नवरंगाची शीळ आठवड्या-दोन आठवड्यांपुरती ऐकू येते, मग तीही दक्षिणेला सरकते. आणि ज्यांचं इथे घर नाही, मुक्काम नाही, असे काही पक्षी याच दिवसांत डोक्यावरून जातात. ते दिसले तर दिसले, नाही तर पुढच्या वर्षी. मला स्वतःला मुक्कामी पक्ष्यांपेक्षा हे वाटसरू जास्त ओढून नेतात. यात काही थोर नाही. जे हातचं सुटेल असं वाटतं त्याचीच आपल्याला घाई असते.

शनिवारी पहाटे आम्ही दापोलीजवळच्या आंजर्ल्याच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, गेलो ते अशाच एकासाठी. कातळावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं, खळग्यांतलं पाणी आटून तळाशी हिरवा पापुद्रा उरला होता, बूट त्यावरून गेला की कुरकुर वाजायचा. मलबारी चंडोल तुरा उभारून दगडा-दगडावर बोलत होता. एक भोवत्या, म्हणजे हॅरियर हा शिकारी पक्षी, गवताला पोट घासेल इतक्या खालून, पंख इंग्रजी व्ही आकारात धरून फिरत होता. पांढुरका की माँटेग्यूचा यावर आमच्यात नेहमीप्रमाणे वाद झाला आणि नेहमीप्रमाणे तो मिटला नाही. गवताचा भारा डोक्यावर घेऊन एक बाई चालली होती. आम्ही तिघं वर बघत उभे. तिने विचारलं, "काय हरवलंय काय तुमचं?" पक्षी बघतोय म्हटलं. "मग, मिळाला?" असं म्हणून उत्तराची वाट न बघता ती उतारावरून गेलीसुद्धा.

मिळाला, पण ती गेल्यावर. विजेच्या तारेवर एक चास, म्हणजे नीलपंख, बसला होता. आपला नेहमीचा चास म्हणजे छाती तपकिरी-जांभळट, गळ्यावर पांढुरक्या रेघा. याचं डोकं, गळा, पोट सगळं एकसारखं फिकं निळं आणि पाठ विटकरी. खात्री पटायला तो उडायला हवा होता. उडाला, तर पंखांची पिसं काळी. आपला चास उडतो तेव्हा पंखांत निळ्याच्या दोन छटांचे लख्ख पट्टे उघडतात, इथे काळं. युरोपीय चास. मध्य आशियाकडून निघून आफ्रिकेकडे जाताना पश्चिम भारताच्या कडेने जाणारा. परतीच्या वाटेवर तो सहसा इकडून येत नाही, म्हणून जे काही बघायचं ते याच महिन्या-दीड महिन्यात. तो तारेवरून खाली झेप घ्यायचा, काहीतरी उचलायचा, परत तारेवर. सड्यावर चतुर इतके होते की दुर्बिणीतून बघताना मधेमधे धुरकट हालचाल दिसायची.

या चतुरांची एक गोष्ट मला फार आवडते. चार्ल्स अँडरसन नावाचा एक जीवशास्त्रज्ञ मालदीवमध्ये राहत होता. त्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, म्हणजे चतुरांनी अंडी घालायला जागा नाही. तरी दर ऑक्टोबरात तिथे चतुरांचे लोंढे उतरतात. ते येतात कुठून? त्याने वर्षानुवर्षं तारखांच्या नोंदी ठेवल्या आणि 2009 मध्ये मांडलं की हे भारतातून निघतात, परतणाऱ्या मान्सूनच्या वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. आणि त्याच दिवसांत, त्याच वाऱ्यावर, तोच समुद्र ओलांडणारे किडेखाऊ पक्षीही आहेत: ससाणे, वेडे राघू, कोकीळकुळातले काही, आणि हा चास. वाटेत शिदोरी सोबत उडते आहे, असं त्याचं म्हणणं. सड्यावर उभं राहून पश्चिमेला पाहिलं की खाली आंजर्ल्याची पुळण, मग पाणी, आणि मग थेट ओमान-सोमालिया. आपण थर्मासमधला चहा पीत उभे असतो आणि कुणीतरी त्या दिशेला निघायच्या तयारीत पोट भरत असतं. फोटोवाल्या मित्राला तारेवरचा पक्षी नको होता. "तार येते फ्रेममध्ये," तो कुरकुरला. मी म्हटलं, त्याला सांग, जरा आंब्यावर बस. तो हसला नाही.

संध्याकाळ पुळणीवर गेली. तिचं फार सांगण्यासारखं नाही. सँड प्लोव्हर या वाळूवर पळणाऱ्या छोट्या पक्ष्यांचा एक थवा होता. ज्याला आम्ही इतकी वर्षं लेसर, म्हणजे छोटा, सँड प्लोव्हर म्हणत होतो त्याच्या अलीकडे तज्ज्ञांनी दोन जाती केल्या, सायबेरियन आणि तिबेटन, आणि आपल्याकडचे ते तिबेटन. लडाख-तिबेटच्या माळावरून उतरून ते इथे लाटेमागे पळत होते, आणि त्यांच्यामागे एक जीप. वाळूवर गाडी गोल गोल फिरवण्यात काय मजा आहे मला कळत नाही. थवा उठायचा, चमकून वळायचा, पुढे बसायचा. जीप वळली की पुन्हा. हर्णै बंदरात लिलाव आटोपला होता. बर्फाच्या पाण्यात पाय घालत, तांबड्या घारी आणि नुकते आलेले कुरव बघत थोडं हिंडलो. सुवर्णदुर्गावर ऊन तिरपं पडलं होतं. मागच्या सुरूच्या झाडावर समुद्री गरुड बसलेला दिसला. एरवी तो दिसला असता तर दिवस साजरा झाला असता. पण माझं मन उद्याच्या वाडीत होतं.

कारण रानधोबी मी पहिल्यांदा बघितला तो याच वाडीत. तेव्हा वाडी अशी होती की भर दुपारी घड्याळ बघायला डोळे बारीक करावे लागत. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेल्या मिरवेली, त्याखाली जायफळ, त्याखाली केळी आणि अगदी तळाशी पातेरा. झावळ्या, विऱ्या, जायफळीची पानं यांचा थर. पाय टाकला की आत दबायचा आणि खालून थंड वास यायचा. बेड्यातून, म्हणजे वाडीच्या दारातून, आत शिरलं की अंगावरचा घाम एकदम गार पडायचा. नारिंगी कस्तुर पानं उलटीपालटी करत असायचा, इतका आवाज करत की माणूस चालतंय असं वाटावं. रानधोबी मात्र बिनआवाजाचा. चीन, कोरिया, अमूरकडच्या जंगलांत घरटं करणारा हा पक्षी, त्याला इथल्या गर्द झाडीत आपलं काही ओळखीचं सापडत असणार. सह्याद्रीच्या रानातही तो उतरतो, पण त्याला हवी असते ती दमट सावली आणि कुजता पाला. पोफळीच्या वाडीत दोन्ही बारमाही. कारण काकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी पाटाचं पाणी वळवत आलंय.

मग 3 जून 2020, निसर्ग चक्रीवादळ. त्याबद्दल मी काय लिहायचं? मी तेव्हा पुण्यात बंद दारामागे होते. काकूंनी नंतर सांगितलं ते एवढंच की दुपारी आवाज सुरू झाला तो झाडं पडल्याचा सुटा सुटा ऐकूच येईना, सगळा मिळून एकच घोंघाट. माड मुळासकट आडवे झाले, पोफळी मधून मोडल्या. वारा थांबल्यावर काकू पडवीत आल्या तर समोर समुद्र. "लग्न होऊन आले तेव्हापासून समुद्राचा आवाज ऐकत होते," त्या म्हणाल्या, "पडवीतून दिसला तो त्या दिवशी." वीज कित्येक दिवस नव्हती, फोन नव्हते. पंचनामे झाले, भरपाईचे आकडे आले. ते हेक्टरात बोलत होते आणि इथली वाडी मोजतात गुंठ्यांत.

नंतर मी गेले तेव्हा त्या वाडीत टोपी घालून फिरावं लागलं. आणि इथे एक गोष्ट आहे जी मला तेव्हापासून सतावते. त्या उघड्या वाडीत माझी यादी वाढली. पडलेल्या बुंध्यांवर वेडे राघू ओळीने बसलेले. कोतवाल, चिरक, बुलबुल, मुनियांचे थवे, वर गरगरणाऱ्या पाकोळ्या. जिथे आधी कान देऊन, डोळे ताणून पाच-सहा जाती मिळायच्या तिथे अर्ध्या तासात पंचवीस. मोबाइलवर यादी टाकली तेव्हा आकडा चांगला गलेलठ्ठ दिसत होता. कुणी नुसतं ते पान बघितलं असतं तर म्हटलं असतं, वा, वाडी सुधारली! कस्तुर नव्हता, रानधोबी नव्हता; पण नसलेल्या पक्ष्यासाठी त्या पानावर रकाना नसतो. काका शेजारी कुऱ्हाड घेऊन बुंधे तोडत होते आणि मी राघू मोजत होते. मोजू नयेत असं नाही. पण हात जड झाले होते.

पोफळ लावायची म्हणजे आधी सावली लावायची. रोपाला कडक ऊन सोसत नाही. म्हणून काकांनी आधी केळी लावल्या, केळीच्या आडोशाला रोपं. पाट पुन्हा आखला, कारण पडलेल्या मुळांनी जुना उखडून टाकला होता. पोफळ हाताशी यायला सहा-सात वर्षं सहज जातात, नीट उत्पन्न त्याच्याही पुढे. माड त्याहून संथ. साठी उलटलेल्या माणसाने हे का करावं, असा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. त्यांच्या मुलाने विचारला असावा. तो मुंबईला असतो, आणि त्याच्या नावाने घरात रूम काढल्या आहेत, एसीसकट. त्या रूमच्या पैशावर वाडी चालते. म्हणजे आमच्या.

जुन्यातल्या काही थोड्या पोफळी वादळातून उभ्या राहिल्या होत्या. त्या सगळ्यात उंच, वाकलेल्या, शेंड्याला झोडपलेल्या. त्यांनी इतकी वर्षं धड काही धरलं नव्हतं. धरलं तरी खालून चाळीस-पन्नास फुटांवर, मिरवेलीच्या आणि माडाच्या झावळ्यांच्या आड, डोळ्यांना कळत नाही. पूर्वी पाडेली यायचा. तो वर चढला की सुपारी उतरवायचा आणि खालच्या माणसाला बातमीही द्यायचा: हिला यंदा भरपूर, तिचा शेंडा सडतोय, पलीकडची सोडून द्या. आता पाडेली मिळत नाही. ज्यांना चढता येत होतं ते म्हातारे झाले, त्यांची मुलं चढत नाहीत, आणि चढू नये असंच त्यांच्या आयांनाही वाटतं. पावसाच्या तोंडाशी कोळेरोगाची बोर्डो फवारणीसुद्धा मग जमेल तशी. हे सगळं काकांनी रविवारी जेवताना सांगितलं, कुळथाचं पिठलं भातात कालवत. तक्रारीच्या सुरात नव्हे. दुर्बिणीतून काय काय दिसलं ते सांगत होते. एका शेंड्यात कांडेचोराने, म्हणजे उदमांजराने, खाल्लेल्या सुपाऱ्यांची सालं अडकलेली, दुसरीच्या पोयीला फुलोरा चांगला, विहिरीवरच्या माडाच्या गाभ्यात भुंग्याने केलेलं भोक. मी सकाळी त्या एका पक्ष्याच्या अंगावर जेवढं टिपलं असेल त्यापेक्षा हे जास्त बारीक होतं. मी विचारलं, "आणि काका, तो पक्षी?" "तो ना? असतो की. बिया वेचायला वाकलो की पायाशीच असतो." त्यांनी हाताने शेपटीचं झुलणं करून दाखवलं. अगदी बरोबर, डावी-उजवीकडे. "अलीकडे पुन्हा यायला लागलाय. मधे नव्हता."

मधे नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं.

सालिम अलींनी सुगरणीचा तो प्रसिद्ध अभ्यास केला तो 1930 मध्ये, याच किनाऱ्यावर, वर अलिबागजवळ किहीमला. नोकरी नव्हती, घराजवळ सुगरणींची वसाहत होती, तिच्यासमोर शिडीवर आडोसा करून ते पावसाळाभर बसले. नर अर्धी घरटी विणतो, माद्या येऊन पाहणी करतात, पसंत पडलं तर राहतात, मग नर पुढचं घरटं घेतो, हे सगळं एका जागी बसून कळलं. मला त्या शिडीचा हेवा वाटतो. आमचा शनिवार-रविवार म्हणजे सडा, पुळण, बंदर, वाडी, आणि प्रत्येक ठिकाणी घड्याळ. काकांना त्यांच्या वाडीत जे दिसतं ते मला दोन दिवसांत दिसणार नाही, आणि मला सड्यावर जे दिसलं ते त्यांना बघायचं नाही. ते एकदा म्हणालेही, "सड्यावर काय आहे? ऊन." यावर तोडगा काही नाही, आणि तो असायलाच हवा असंही मला वाटत नाही. त्यांना पक्ष्याचं प्रेम नाही असं म्हणणं मात्र मी आता खपवून घेत नाही. आणि त्यांना ते आहे असंही म्हणत नाही. त्यांना सुपारी हवी आहे. श्रीवर्धनी रोठ्याला भाव बरा आहे.

परतीच्या वाटेवर आमच्यात भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. फोटोवाल्याला चांगला फोटो मिळाला नव्हता, सावलीत पक्षी धूसर आला होता, पण त्याला तो ग्रुपवर टाकायचा होता, लोकेशनसकट. मी म्हटलं, गावाचं नाव टाक, वाडीचं नको. तो म्हणाला, पक्षी काय तुझ्या मालकीचा आहे? माझ्या नाही, पण ज्यांच्या पातेऱ्यात तो चालतो त्यांना तरी विचार. माणगावपासून पुढे कुणी बोललं नाही. माझ्या यादीत मी आंजर्ले लिहिलं, रानधोबी 1 लिहिलं, आणि शेऱ्यात पोफळीची वाडी, नवीन लागवड, पाट चालू असं लिहिलं. त्याने काय टाकलं ते मी बघितलं नाही.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला. दोन गाड्या आल्या होत्या, मोठमोठ्या कॅमेऱ्यांच्या. रूम घेतली, घावन खाल्ले, काकूंकडून आमसुलं आणि सुपारी विकत घेतली. तेवढं झकास झालं. पक्षी दिसला, पण अंधारात. मग त्यातला एकजण काकांना म्हणाला, या पुढच्या दोन केळी जरा छाटल्या तर चालतील का? उजेड येईल.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? म्हटलं, उजेड हवा तर पुळणीवर जा."